चालेल

माझी बायको माझ्याबरोबर स्वतःच्या मर्जीने राहते की नाही, याचा निकाल एका पिवळ्या दिव्याने लावला. दिवा मुगाच्या दाण्याएवढा. कपाळाला बांधायच्या पट्टीत तो बसवलेला होता आणि पट्टी उज्ज्वलाच्या कपाळावर होती, टिकलीच्या जरा वर.

आम्ही इचलकरंजीहून नुकतेच आलो होतो. आमची मुलगी ऋतुजा नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असते, समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधांवर इंजिनिअर आहे. आता आम्ही दोघांनी कायमचं तिच्याकडे राहायचं ठरलं होतं. त्या देशाचा नवा कायदा असा, की कुणी सज्ञान माणूस दुसऱ्याच्या घरी राहायला आला, लग्नाला उभा राहिला किंवा ऑपरेशनला तयार झाला, तर त्याचा होकार त्याचा स्वतःचाच आहे ना, हे पट्टी लावून बघायचं. हिरवा लागला तर स्वतःचा. पिवळा लागला तर दुसऱ्या कुणासाठी दिलेला. लाल म्हणजे भीती.

आधी मला बसवलं. फेम्के नावाच्या अधिकारी बाई होत्या, पस्तिशीच्या, आवाजाने मऊ. त्या डच बोलायच्या आणि आमच्या कानातलं यंत्र ते मराठीत सांगायचं, अगदी सरकारी परिपत्रकाच्या मराठीत.

“आपण येथे स्वेच्छेने वास्तव्यास आला आहात काय?”

“हो,” मी म्हणालो. हिरवा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी, तरी बोर्डात आल्यासारखी माझी मान ताठ झाली.

मग उज्ज्वला. तोच प्रश्न.

“चालेल,” ती म्हणाली.

पिवळा.

फेम्केबाईंनी कानातलं यंत्र काढून झटकलं आणि पुन्हा घातलं. “त्या म्हणतात, चालत जाईल. कोण चालत जाणार आहे?”

ऋतुजाला हसू आलं. आमच्याकडे ‘हो’ असंच म्हणतात, हे तिने बाईंना डचमध्ये समजावलं. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. उज्ज्वला गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

“अगं, हो म्हण नुसतं. सोपं आहे,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली, आणि दिवा आणखी गडद झाला.

फेम्केबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेने मला आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. परीक्षेत बाकाखाली चिठ्ठी सापडलेल्या पोराकडे मी बघायचो, तशी ती नजर होती. “कृपया आपण बोलू नये,” यंत्र म्हणालं. “चौकशी पूर्ण होईपर्यंत आपली पत्नी स्वतंत्र निवासात राहील. आपण तिला एकट्याने भेटू नये.”

मला वाटलं, यंत्राने पुन्हा घोटाळा केला. मी ऋतुजाकडे पाहिलं, तर तिचं हसू मावळलेलं. म्हणजे भाषांतर बरोबर होतं. “तिच्या बीपीच्या गोळ्या माझ्या खिशात आहेत,” मी म्हणालो. त्या क्षणी एवढंच सुचलं. बाईंनी हात पुढे करून गोळ्या घेतल्या.

उज्ज्वला निमूट उठली. पर्स खांद्याला लावली. दारातून वळून म्हणाली, “इथल्या तांदळाला पाणी जास्त लागतं, लक्षात ठेवा.” आणि गेली.

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर ऋतुजा म्हणाली, “अप्पा, मला हे थोडंफार अपेक्षितच होतं.”

यंत्रामागचं विज्ञान फार अवघड नाही. कपाळाच्या मागे मेंदूत एक जागा असते, ती आपली आवडनिवड तोलते. कानाच्या वर, जरा मागे, दुसरी एक जागा असते. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज ती घेते. तोंडातून शब्द बाहेर पडण्याआधीच या दोन्ही जागा कामाला लागलेल्या असतात. समजा कुणी विचारलं, चहा घेणार का? तुम्हाला हवाय म्हणून हो म्हणालात, तर आधी कपाळामागची जागा हलते. यजमानीणबाईंनी आधण ठेवलंच आहे, त्यांना वाईट वाटायला नको म्हणून हो म्हणालात, तर आधी कानामागची. दोहोंत पापणी लवण्याहूनही कमी वेळाचं अंतर असतं. तो क्रम बाहेरून पकडता येतो, एवढाच शोध. ओळखीच्या माणसांचे आवाज ऐकवले की आणखी एक गोष्ट कळते. आपण नेमकं कुणाचं मन सांभाळतोय, तेही ती कानामागची जागा सांगून टाकते.

ऋतुजाच्या घरी बसून मी सापडेल ते सगळं वाचून काढलं. शोध अस्सल होता. यंत्र भोंदू निघालं असतं तर मी बाईंशी कडाकडा भांडलो असतो. विज्ञानाच्या मास्तराची हीच पंचाईत. प्रयोग बरोबर आला की निकाल आवडला नाही तरी मानावा लागतो.

“आईने तुम्हाला कधी ‘नको’ म्हटलेलं आठवतंय?” ऋतुजाने एकदा जेवताना विचारलं.

मी आठवायला लागलो. भात गार झाला.

“मिरजेला पोस्टात नोकरीची ऑर्डर आली होती तिला. तुम्ही म्हणालात, आजीचं कोण बघणार. काय म्हणाली आई?”

मी पाण्याचा पेला उचलला.

“चालेल म्हणाली,” ऋतुजाच म्हणाली. “अप्पा, मी ठरवलं होतं, माझं आयुष्य मी ठरवणार. घर सोडलं, लग्न केलं नाही, इथं आले. तुम्ही दोघं रडलात, तरी मी मागे वळले नाही. कारण मला माहीत होतं, एकदा वळले की संपलं. आईला तसं कधी करताच आलं नाही. म्हणून तर तिला इथं आणलं. इथं बाईमाणसाला कुणी गृहीत धरत नाही.”

“आणताना विचारलंस तिला?”

“विचारलं की. चालेल म्हणाली.”

आणि ती ताटं उचलून आत गेली.

मी तिथंच बसून राहिलो. मला धक्का बसला होता आणि तो रोज नव्याने बसत होता. मी कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, पगार तिच्या हातात दिला. कुठली साडी घेऊ, कोणत्या लग्नाला जायचं, भिंतींना कुठला रंग द्यायचा, सगळं तिला विचारून केलं. विचारलं की ती चालेल म्हणायची आणि आमचं एकमत झालं असं मी समजायचो. इतकी वर्षं त्या शब्दामागे पिवळा दिवा होता की काय? मला खरोखर भीती वाटायला लागली. आपण काहीतरी मोठं बळकावून बसलोय आणि ते काय आहे तेही आपल्याला ठाऊक नाही, अशी ती भीती होती.

पुढे एकदा भेट ठरली. अर्थात फेम्केबाई मध्ये बसणार.

उज्ज्वला आत आली आणि मी पुन्हा चाट पडलो. माझं वजन उतरलं होतं, दाढी वाढली होती. ती मात्र छान दिसत होती. अंगात मोरपिशी स्वेटर, मी कधी न पाहिलेला.

“जेवतेस ना वेळेवर?” मी विचारलं.

“जेवते की. काल कारलं केलं होतं.”

“कारलं?”

“कोपऱ्यावर सुरीनामच्या लोकांचं दुकान आहे, मूळचे आपल्याकडचेच ते, तिथं मिळतं. चांगली कोवळी असतात हो.”

“तुला कारलं आवडतं?”

“मला तरी कुठं माहीत होतं,” ती म्हणाली. “लग्नाआधी आवडायचं बहुतेक. आपल्या घरात कुणी खात नाही, मग कशाला करायचं?”

फेम्केबाईंनी खुलासा केला. तराजू वापरण्याआधी काटा शून्यावर आणावा लागतो, तसं या यंत्राचंही आहे. आधी अगदी साधे प्रश्न विचारतात, ज्यांचं उत्तर कुणाचंही स्वतःचंच असतं. त्यावरून त्या माणसाचा हिरवा कसा असतो, ते यंत्र शिकतं. उज्ज्वलाला आवडती भाजी विचारली. ती म्हणाली, दोडका. पिवळा. मग म्हणाली, भेंडी. पिवळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती बोलेचना. नुसती बसून राहिली आणि मग रडायला लागली. काटा शून्यावर येईना. असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे बाईही हादरल्या.

दोडका मला आवडतो. भेंडी ऋतुजाला.

“म्हणून आम्ही त्यांना एक खोली दिली, छोट्या स्वयंपाकघराची,” बाई म्हणाल्या. “त्या एकट्याच राहिल्या. ‘कारलं’ हा शब्द उच्चारताना प्रथमच हिरवा लागला. कार्यालयातील सर्वांनी टाळ्या वाजवल्या.”

उज्ज्वला लाजली. मला मात्र टाळ्या वगैरे सुचेना. मला राग आला होता, आणि कुणाचा ते नीट कळत नव्हतं. “हे यंत्र तुमच्या माणसांसाठी बनवलंय,” मी म्हणालो. “आमच्याकडे माणूस दुसऱ्याचं मन बघूनच हो म्हणतो. त्याला दबाव म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“संसार,” मी म्हणालो. त्याचं डचमध्ये काय झालं कोण जाणे, बाईंनी तो शब्द टिपून घेतला.

“यंत्र सर्वत्र एकच आहे,” त्या मग म्हणाल्या. “रेघ कुठे ओढायची ते प्रत्येक देश ठरवतो. जपानने ती उलटी ओढली. तिथे होकारात दुसऱ्या कुणाचाच विचार नसेल तर पिवळा लागतो. मग थांबवून विचारतात, घरच्यांशी बोललात का? ब्राझीलला पिवळ्याच्या दोन छटा हव्या आहेत, धाकाची वेगळी आणि मायेची वेगळी. पण त्या दोन्ही अजून यंत्राला वेगळ्या करता येत नाहीत.”

“आणि भारत?”

“भारताची समिती बसली आहे.”

“मग आम्ही निर्धास्त,” मी म्हणालो. बाईंना विनोद कळला नाही. उज्ज्वला हसली, तेवढंच बरं वाटलं.

तिचं लक्ष मात्र बाईंकडे होतं. “तुमचे वडील कुठं असतात?” तिने विचारलं.

“पोर्तुगालमध्ये. गेल्या वर्षी ते तिकडे स्थायिक झाले. पोहोचल्यावर त्यांनी मला संदेश पाठवला.”

“पोचल्यावर? तुम्हाला आधी विचारलं नाही?”

“मला का विचारतील? त्यांचं आयुष्य आहे.”

कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसा उज्ज्वलाचा चेहरा झाला. तिने बाईंच्या हातावर हात ठेवला. “मग तुम्ही काय केलंत?”

“त्यांच्या निर्णयाचा दिवा स्वच्छ हिरवा लागला असता,” बाई म्हणाल्या.

“त्यांचा हो. तुमचा?”

यंत्राने प्रश्न पोचवला, हे बाईंच्या डोळ्यांवरून कळलं. त्या टेबलावरची पट्टी उगाच सारखी करत राहिल्या. त्या दिवशी भेटीची वेळ संपल्यावरही त्यांनी आम्हाला बसू दिलं.

शेवटच्या चाचणीला ऋतुजाने रजा घेतली. ट्राममध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. “निकाल काहीही लागो, मी तुम्हाला टाकणार नाही अप्पा,” ती म्हणाली. “पण आईला तिची स्वतंत्र जागा घेऊन देणार. माझ्याच गल्लीत. बघून ठेवलीय.”

“आईला दाखवलीस?”

“दाखवीन की. तिला आवडेलच.”

चाचणी आवाजांची होती. ऋतुजा आणि मी भिंतीशी बसलो, उज्ज्वला समोर पट्टी बांधून. आमचे घरातले नेहमीचे आवाज रेकॉर्ड करून आधीच मागवून घेतले होते. इथे यायचं ठरलं त्या दिवसाची आठवण उज्ज्वलाने मनात आणायची आणि आवाज ऐकायचा.

आधी माझा आवाज. “उज्ज्वला, माझा चष्मा कुठं ठेवलास गं?”

दिवा लागलाच नाही. पिवळा नाही, लाल नाही, काहीच नाही.

“यांच्या आवाजाने कानामागील जागा हललीसुद्धा नाही,” फेम्केबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “दबाव नाही. भीती नाही. स्पष्ट सांगायचे तर, लक्षच नाही.”

मी सुटलो. सुटल्याचा आनंद मानावा की लक्षच नाही याचं वाईट वाटून घ्यावं, याचा विचार करतोय तोवर दुसरा आवाज लागला.

“आई, ठरलंय आता. तू इथंच राहायचंस.”

पिवळा. आणि पिवळ्याचा बघता बघता लाल.

लाल दिवा मी पहिल्यांदाच पाहत होतो. ऋतुजाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

“मशीन बिघडलंय,” ती म्हणाली. “पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

“आई,” ऋतुजाचा आवाज अगदी बारीक झाला होता, “तू मला घाबरतेस?”

“तुला नाही गं घाबरत,” उज्ज्वला म्हणाली. दिवा लालच होता. “तू ठरवतेस तेव्हा एकदम ठरवतेस. मागं वळून बघत नाहीस. घरातून गेलीस तेव्हा दारात मी उभी होते, रिक्षा वळेपर्यंत. तू बघितलं नाहीस. नंतर माझं काहीतरी चुकलं, तेव्हा किती दिवस फोन उचलला नव्हतास. मग मी काय करायचं? तू म्हणशील ते चालेल म्हणते. निदान आवाज तरी ऐकू येतो.”

“मी तुला मोकळं करायला आणलं होतं.”

“हो ना,” उज्ज्वला म्हणाली. “फार धावपळ केलीस माझ्यासाठी. पण मला यायचंय का, ते राहूनच गेलं.”

फेम्केबाईंनी कायद्याप्रमाणे जाहीर केलं, की ऋतुजा चौगुले ही दबाव आणणारी व्यक्ती ठरली आहे आणि यापुढे तिने आईला एकटीने भेटू नये. शब्द तेच होते, माझ्या वेळचे. ऋतुजा ताठ बसून ऐकत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. स्वतःचं स्वतः ठरवणं तिला सगळ्यात प्यारं, नेमकं तेच तिने आईकडून काढून घेतलं होतं, आणि आयुष्यभर ते मी घेतलं असं समजून ती माझ्यावर डोळे वटारत आली होती. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्याकडे बघवेना. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.

“आता शेवटचे प्रश्न,” बाई उज्ज्वलाला म्हणाल्या. “कुणाचेही मन सांभाळू नका. आपल्याला कोठे राहायला आवडेल?”

“घरी. इचलकरंजीला.”

हिरवा.

मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. खरं सांगायचं तर मला उत्रेख्त आवडलं होतं. तिथलं वाचनालय, कालव्याकाठचे बाक, नीटनेटके रस्ते. पण ते काय, सोडता येतं. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, जाऊन आधी टाकी धुवावी लागणार, गॅस सिलिंडर सांगावं लागणार. मी उठूनही उभा राहिलो होतो.

“कोणाबरोबर?” बाईंनी विचारलं.

मला हसू आलं. काय पण प्रश्न.

उज्ज्वलाने हातातल्या बांगड्या मागे सारल्या. “एकटीला,” ती म्हणाली.

हिरवा. जराही न थरथरता, स्वच्छ, थेट हिरवा.

मी खाली बसलो. खुर्ची मागे होती म्हणून बरं, नसती तरी बसलोच असतो. कानात काहीतरी गुणगुणत होतं, यंत्र की रक्त, कळेना. सगळे आरोप माझ्यावरून उठले होते. मी तिला दाबलं नव्हतं, ती मला घाबरत नव्हती. आणि तरी तिला मी नको होतो. याचं उत्तर कुठल्या विज्ञानात शोधायचं?

“अगं,” मी म्हणालो.

“रागावू नका,” ती म्हणाली. “तुमचं काही चुकलं म्हणून नाही. माहेरचं घर भरलेलं, तुमचं घर भरलेलं. एका छपराखाली एकटी अशी मी कधी राहिलेच नाही हो. इथं राहिले. सकाळी उठले की पहिल्यांदा वाटायचं, आता कुणाला काय हवं असेल? कुणालाच काही नको असायचं. मग हळूहळू माझं मला ऐकू यायला लागलं. ते आत्ता कुठं सुरू झालंय. थोडं राहू दे मला. मग या तुम्ही.”

“मग म्हणजे कधी?”

“कळवते की.”

फेम्केबाईंनी तिच्या कपाळावरची पट्टी सोडली आणि माझ्याकडे आल्या. “आपल्या पत्नीला आपल्या परवानगीची गरज नाही,” यंत्र माझ्या कानात म्हणालं. “परंतु आपण येथे मागे राहणार, म्हणून आपले मत नोंदवणे आवश्यक आहे.” त्यांनी पट्टी माझ्या कपाळाला बांधली. ती उज्ज्वलाच्या अंगाच्या उबेने अजून कोमट होती. “पत्नी एकट्या जात आहेत. आपल्याला मान्य आहे काय?”

मला नाही म्हणायचं होतं. ओरडून म्हणायचं होतं. तिच्याशिवाय मला माझा चष्मा सापडत नाही. तिच्याशिवाय मी बघितलेलं कुणाला सांगू? कालव्याकाठच्या बाकावर एकटा बसून काय करू? सगळं जिभेवर आलं होतं. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती विनवत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. नुसती वाट बघत उभी होती, मी काय म्हणतो त्याची.

“चालेल,” मी म्हणालो.

पिवळा लागला, हे मला दिसलं नाही. ऋतुजाने तोंडावर हात ठेवला, त्यावरून कळलं.

“हा आपला स्वतःचा होकार नाही,” फेम्केबाई काळजीने म्हणाल्या. “आपल्यावर कोणाचा दबाव आहे काय?”

उज्ज्वला माझ्याजवळ आली. कपाळावरची पट्टी जरा घसरली होती, ती तिने सारखी केली.

“जमलं की तुम्हाला,” ती म्हणाली.